राजधानी ते तालुका : अचलपूर 'दूर' कसं झालं?



सुरुवातीलाच एक खुलासा. आजचं हे बोलणं एकट्याचं नाही. आम्ही काही जण मिळून गेली काही वर्षं वऱ्हाडातली जुनी गावं पायी फिरतो, वाचतो, टिपणं काढतो. समोर उभा एक जण असला तरी बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. मोठेपणानं म्हणत नाही, एवढं समजून घ्या.

अमरावतीत कोणाला म्हटलं, चला, उद्या अचलपूरला जाऊन येऊ, तर पहिलं उत्तर काय येतं? "अचलपूरले जा लागते म्हणजे अख्खा दिवस जाते ना भाऊ." आता रस्त्यानं अंतर किती? पन्नास-बावन्न किलोमीटर. पुण्या-मुंबईत लोक रोज कामाला एवढं जातात आणि संध्याकाळी घरी येतात. मग अचलपूर आपल्याला 'दूर' का वाटतं? या एका प्रश्नावर आज बोलायचं आहे. आमचं म्हणणं असं की गाव नकाशावर दूर नसतं, ते दूर केलं जातं. कधी झालं, कशानं झालं, याच्या तारखा सांगता येतात. अचलपूरच्या बाबतीत तर फारच स्पष्ट सांगता येतात.

आधी जागा समजून घेऊ. जुन्या कारभारात वऱ्हाडाचे तीन भाग धरत. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरावरचा बालाघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सपाट पयानघाट, आणि उत्तरेला सातपुड्यातला मेळघाट. पयानघाट संपतो आणि मेळघाट उभा राहतो, नेमक्या त्या सांध्यावर अचलपूर आहे. गावातून उत्तरेला बघितलं की गाविलगडची डोंगररांग भिंतीसारखी दिसते. त्या डोंगरातून सापन आणि बिच्छन या नद्या खाली येतात, त्यांचं पाणी पुढे पूर्णेला आणि पूर्णेतून तापीला जातं. बिच्छनच्या अंगाला जुनं शहर, आणि दोन-तीन किलोमीटरवर परतवाडा. आज दोन्हींची नगरपालिका एकच आहे, पण माणसं अजून 'अचलपूर-परतवाडा' असं जोडनावच घेतात.

हवामान आपलंच, वऱ्हाडी. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण इथं एक गंमत आहे. त्याच गावातून तास-दीड तासात तुम्ही अकराशे मीटर उंचीवर चिखलदऱ्याला पोचता. तिथं कॉफीची झाडं आहेत आणि पाऊस पायथ्याच्या जवळपास दुप्पट पडतो. एका गावाच्या दारात दोन हवामानं. डोंगराचं पाणी, पायथ्याची चांगली जमीन, वर साग आणि बांबू, खाली कापूस. आज त्यात संत्र्याच्या बागा आणि शेजारच्या अंजनगावचे पानमळे आले. माणसानं वस्ती करायला याहून बरी जागा शोधून सापडणार नाही. म्हणूनच ती फार जुनी आहे.

किती जुनी? पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक या गावी सापडला. त्यात हेच गाव, तेव्हाचं चर्मांक, एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. वाचण्यासारखी त्यातली अट आहे : दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध कट करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. तसं वागले तर राजा दान परत घेईल! म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीही जमीन देताना कागदात अटी घालत होते. पुढे राष्ट्रकूट घराण्यातल्या नन्नराजाचा तिवरखेडचा ताम्रपट आहे, तो तर थेट अचलपुराहून दिलेला आहे. राजाचा मुक्काम तिथं होता.

आता नावाकडे येऊ. लोकांत एक कथा चालते की ईल किंवा एल नावाचा जैन राजा होता, त्यानं हे शहर वसवलं, म्हणून एलिचपूर. कथा गोड आहे. पण बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे मोठे जैन पंडित झाले. त्यांनी प्राकृत भाषेचं व्याकरण लिहिलं. बोलताना शब्दातली अक्षरं जागा बदलतात, याचे नियम त्यांनी त्यात दिले. वाराणसीचं वाणारसी होतं, हे एक उदाहरण. दुसरं, अचलपूरचं अलचपूर होतं. आणि त्याच्या अगदी शेजारचं उदाहरण आहे महाराष्ट्राचं मरहट्ठ. बघा मंडळी, ज्या जिभेच्या सवयीनं 'मराठा' शब्द घडला, त्याच सवयीनं अचलपूरचं अलचपूर झालं. महानुभावांच्या जुन्या मराठीत तेच अळजपूर म्हणून येतं, फारसी लिहिणाऱ्यांनी एलिचपूर केलं, इंग्रजांनी तेच उचललं, आणि मग आपण उलटे फिरून पुन्हा अचलपूरवर आलो. एल राजा असेल-नसेल, पण नावासाठी त्याची गरज नाही.

यातून आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. गुजरातेत बसलेल्या पंडिताला नियमासाठी उदाहरण हवं होतं, तेव्हा त्याला काशीसोबत अचलपूर आठवलं. उदाहरण नेहमी सगळ्यांना ठाऊक असलेल्या गावाचंच देतात. दुसरी गोष्ट मुक्तागिरीची. परतवाड्यापासून जवळ, आज मध्य प्रदेशात असलेलं हे जैनांचं तीर्थ. निर्वाणकांड नावाच्या जुन्या प्राकृत रचनेत त्या डोंगराचा पत्ता दिलाय, आणि तो कसा? अचलपूरच्या ईशान्येला. म्हणजे डोंगराचा पत्ता शहरावरून सांगत होते. आज आपण अचलपूरचा पत्ता कसा सांगतो? "अमरावती जिल्ह्यात." किंवा, "चिखलदऱ्याच्या रस्त्यावर." ज्याच्यावरून इतरांचा पत्ता सांगतात ते मध्य, आणि ज्याचा पत्ता दुसऱ्यावरून सांगावा लागतो ते कड. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

अचलपूर मध्य होतं कारण जग उत्तरेकडून येत होतं. नर्मदा उतरून, सातपुड्याच्या घाटवाटांनी दक्षिणेत शिरलं की पहिलं मोठं शहर हेच. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेनं. तेव्हा तो सुलतानही नव्हता, कड्याचा सुभेदार होता. जुन्या बखरकारांनी लिहिलंय की तो एलिचपुरात दोन दिवस थांबला आणि आवई उठवली की, मी काकांवर रुसून निघालोय, तेलंगणात नोकरी शोधायला चाललोय. लोकांनी विश्वास ठेवला. पुढे देवगिरीचं काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. तह झाला त्यात एलिचपूर प्रांताचा महसूल दिल्लीला द्यायचं ठरलं. म्हणजे दक्षिणेतून दिल्लीला काय आधी हवं होतं, तर हे दार.

त्यानंतर बहमनी आले. अहमदशहा बहमनीनं १४२५ च्या सुमारास इथं मुक्काम ठोकून गाविलगड बांधला किंवा वाढवला. दार हाती ठेवायचं तर दारावरचा डोंगर हाती हवा. मग १४९० मध्ये फतहउल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. हा फतहउल्ला मुळात विजयनगरकडचा कानडी ब्राह्मण, लहानपणी लढाईत पकडला गेलेला, असं फिरिश्ता सांगतो. गाविलगडच्या दरवाजावर आजही दोन तोंडांचा पक्षी कोरलेला दिसतो, गंडभेरुंड. कानडी मुलखातलं हे चिन्ह. ज्यानं धर्म, नाव, मुलूख सगळं बदललं, त्याच्या गडाच्या दारावर त्याच्या जन्मगावाकडचा पक्षी बसलाय. आम्ही त्या दरवाजासमोर उभे राहिलो तेव्हा बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

चौऱ्याऐंशी वर्षं हे राज्य चाललं. १५७४ ला अहमदनगरच्या निजामशहानं ते बुडवलं, १५९६ ला वऱ्हाड मोगलांकडे गेलं. मोगलांचा सुभेदार बाळापूरला बसू लागला. हा पहिला धक्का. पण शहर मोडलं नाही, कारण वाट तीच होती. अठराव्या शतकात निजामाच्या वतीनं पन्नी अफगाण घराण्यातले नवाब इथं आले, त्यांच्या काळात शहराचा कोट आणि दरवाजे उभे राहिले. दुल्हा दरवाजा त्यातलाच, नाव दुल्हा रहमान शहांच्या दर्ग्यावरून. लग्नाच्या दिवशीच लढाईला निघालेला नवरदेव, अशी त्यांची कथा सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही, पण बिच्छनकाठी त्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्माची माणसं जातात, आणि हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. गावाबाहेर तलावाच्या मधोमध बहमनी काळातला हौज कटोरा आहे, अष्टकोनी, मजल्यावर मजले चढवलेला. उन्हाळ्यात पाण्यामध्ये बसून गार वारा घ्यायची सोय. पंचेचाळीस अंशांवरचा तो जुना उपाय!

आता १८०३ साल. दुसरं मराठा-इंग्रज युद्ध. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, अकोटच्या बाजूला. भोसल्यांची फौज हरली आणि काही जण गाविलगडावर गेले. ५ डिसेंबरला आर्थर वेलस्ली एलिचपुरात पोचला. हाच पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. अडगावच्या जखमींसाठी त्यानं इथं इस्पितळ मांडलं आणि ७ तारखेला दोन फौजा निघाल्या. त्याची स्वतःची दक्षिणेच्या अंगानं, आणि कर्नल स्टीव्हन्सनची डोंगरात शिरून, मागच्या बाजूनं. जड तोफा बैलांनी आणि माणसांनी डोंगरातून ओढत नेल्या, वाट नव्हती तिथं वाट करत. १५ डिसेंबरला गड पडला. १७ ला जवळच्याच देवगावला तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. पंधरा-वीस दिवसांत, पंचवीस-तीस कोसांच्या आत, वऱ्हाडचं भवितव्य ठरलं. आणि सगळ्याच्या मध्ये एलिचपूर.

पण मंडळी, इथून पुढेच ते हळूहळू कडेला सरकायला लागलं. आणि ते लढाईनं नाही, कापसानं.

वऱ्हाडचा कापूस तेव्हाही नामांकित होता. तो जायचा कुठं? उत्तरेला! बैलांच्या पाठीवर लादून, सातपुडा ओलांडून, थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला. शेकडो कोसांची वाट, पावसात भिजला तर माल गेला. तरी वाट उत्तरेची होती, तोवर डोंगराच्या दारात बसलेलं एलिचपूर बरोबर जागेवर होतं. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीनं वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मुंबईला पाठवला, खानदेशातून, पश्चिमेला. ही तारीख शाळेच्या पुस्तकात नसते. पण आमच्या मते १८०३ पेक्षा ती मोठी. त्या दिवसापासून वऱ्हाडचं तोंड फिरलं. मिर्झापूरकडून मुंबईकडे.

पुढचं सगळं त्याच ओघानं आलं. १८५३ ला निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. त्यांनी मुख्य ठाणी केली अमरावती आणि अकोला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ ला मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. तिची वाट बघा : शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. पूर्णेच्या दक्षिणेनं, सपाटीवरून. एलिचपूर राहिलं उत्तरेला, डोंगराच्या कुशीत. १८७१ ला बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. एलिचपूरला आला नाही. ज्या डोंगरानं शहराला हजार वर्षं दार म्हणून मोठं केलं, त्याच डोंगरानं ते कोपऱ्यात टाकलं. डोंगर हलला नव्हता, शहरही हललं नव्हतं. वाट हलली.

असं जगात दुसरीकडेही झालंय. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात काराकोरम होतं. १२३५ ला चंगीझखानाचा मुलगा ओगदेई यानं त्याचा कोट बांधला. युरोपातून, इराणातून, चीनमधून वकील तिथं येत, जगाच्या अर्ध्या भागाचे निर्णय तिथं होत. मग कुबलाई खानानं राजधानी चीनमध्ये, आजच्या बीजिंगला नेली. धान्य तिकडून येणारं, व्यापार तिकडचा, दरबार तिकडे. काराकोरम ओसरलं. १५८६ ला त्याच्या पडक्या दगडांतून एर्देने झू नावाचा बौद्ध मठ बांधला, आणि आज शेजारी एक छोटं गाव आहे, राजधानीपासून शेकडो किलोमीटर दूर. तिथल्या माणसालाही लोक म्हणत असतील, लांब राहता बुवा तुम्ही! राजधानी जाते तेव्हा शहर जागेवरच असतं. त्याच्याभोवतीचं अंतर तेवढं वाढतं.

आपल्याकडे परत येऊ. इंग्रजांनी १८६७ मध्ये एलिचपूरचा वेगळा जिल्हा केला होता. अडतीस वर्षं तो टिकला. कचेऱ्या परतवाड्याला, छावणीही तिथंच. १९०५ ला सहा जिल्ह्यांचे चार केले. वाशीमचा बराचसा भाग अकोल्यात गेला, एलिचपूर अमरावतीत. त्या वेळचे आकडे बघण्यासारखे आहेत. १९०१ च्या जनगणनेत एलिचपूरची वस्ती २६,०८२ आणि अमरावतीची ३४,२१६. म्हणजे चारास तीन. २०११ ला अचलपूर सुमारे १ लाख १२ हजार, अमरावती सुमारे ६ लाख ४७ हजार. आजच्या आकड्यात तिकडे परतवाडा आणि इकडे बडनेरा धरलेलं आहे, हे खरं. तरी प्रमाण काय झालं? साहास एक. चारास तीनचं साहास एक व्हायला ११० वर्षं लागली. इथं काही भूकंप झाला नाही, कोणी शहर लुटलं नाही. कचेरी गेली, कचेरीमागे वकील गेले, वकिलांमागे शाळा-कॉलेजं, त्यांच्यामागे शिकलेली पोरं.

रेल्वे शेवटी आली, पण कशी? १९१० नंतरच्या दशकात, मूर्तिजापूर ते अचलपूर, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. विलायती कंपनीनं कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायला बांधलेली. आपली शकुंतला. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं, मग डिझेल आलं. सुमारे ७५ किलोमीटरला चार तास लागायचे. लोक हसायचे तिच्यावर, पण डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईला ती परवडायची. तिचा रूळ शेवटी अचलपूरलाच संपायचा. उत्तरेची जुनी वाट तिनं पुन्हा उघडली नाही. अचलपूर 'शेवटचं स्टेशन' झालं. जे दार होतं ते टोक झालं. आणि आता काही वर्षांपासून ती गाडीही बंद आहे. गावातली कापड गिरणी, आधीची विदर्भ मिल आणि नंतरची फिनले, तीही २०२० च्या टाळेबंदीपासून थांबलेली. कापूस इथं पिकतो, आणि सूत काढणारं यंत्र कुलपात.

आता तुम्ही म्हणाल, ही काय रडकथा लावली. नाही मंडळी. आता माणसांबद्दल बोलू, कारण खरं सांगायचं ते तिथं आहे.

अचलपुरात फिरा आणि पुऱ्यांची नावं मोजा. सरमसपुरा, सुलतानपुरा, हिरापुरा, अब्बासपुरा, बिलनपुरा, जीवनपुरा. जो आला त्यानं एक पुरा वसवला. बोली ऐका. एकच दुकानदार मराठी गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी बोलतो, शेजाऱ्याशी उर्दू, बैतूलहून आलेल्या व्यापाऱ्याशी हिंदी, आणि मेळघाटातून उतरलेल्या माणसाशी चार शब्द कोरकूचे. ही कोरकू भाषा मराठीची नाही, गोंडीचीही नात्यातली नाही. ती मुंडा कुळातली, तिच्या सख्ख्या भाषा झारखंड-ओडिशात आहेत. सागाला त्या भाषेत 'सिपना' म्हणतात, आणि मेळघाटातल्या नदीचं नाव सिपना आहे. परतवाड्याच्या आरामशिनींवर जे लाकूड चिरलं गेलं त्याचं नाव नदी अजून घेऊन वाहतेय. कोरकू माणसाला विचारा, शहर कुठलं? तो अमरावती म्हणत नाही. त्याचं शहर परतवाडा. बाजार तिथं, दवाखाना तिथं, मजुरी तिथं. त्याच्या नकाशावर अचलपूर-परतवाडा अजूनही मध्यच आहे.

डिसेंबरच्या विसाव्या तारखेपासून बहिरमची जत्रा भरते, परतवाडा-बैतूल रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी. महिनाभराच्या वर चालते. मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे खायला आपण अमरावतीकर गाड्या भरून जातो. कधी लक्षात आलंय का, त्या जत्रेत मध्य प्रदेशातली माणसं किती असतात? बैलांच्या तांड्यांची जुनी उत्तर-दक्षिण वाट मोडली असं आम्ही वर म्हटलं. पूर्ण मोडलेली नाही. वर्षातून एकदा ती जत्रेच्या रूपानं उघडते. सरकारी नकाशावर तिथं राज्याची हद्द आहे, पण माणसांच्या चालण्यात ती नाही.

आता शेवटचं, आणि हे थोडं आपल्यालाच लागणारं आहे. विदर्भावर अन्याय झाला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेषाचे आकडे काढले. रस्ते, सिंचन, शाळा, कशात किती मागे. ते आकडे खरे होते आणि ते गाऱ्हाणंही खरं. मुंबई दूर आहे, मुंबईला आपण दिसत नाही, असं आपण म्हणतो. पण अचलपूरचा माणूस हेच गाऱ्हाणं घेऊन आपल्याकडे येतो, तेव्हा आपण काय म्हणतो? "अख्खा दिवस जाते ना भाऊ." अचलपूर जिल्हा व्हावा ही मागणी गेली कित्येक वर्षं चालू आहे. तो व्हावा की नाही, खर्च परवडेल की नाही, यावर मतं वेगळी असतील, आमच्यातही आहेत. पण धारणीच्या पलीकडच्या पाड्यावरून एका दाखल्यासाठी निघालेल्या बाईला आधी डोंगर उतरून परतवाडा आणि मग तिथून पुढं अमरावती गाठावी लागते. तिचा दिवस खरोखर जातो, आणि त्या दिवसाची मजुरीही. आपला जातो म्हणतो तो आळसानं.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. एक, कोटाचे जे दरवाजे उभे आहेत ते पडायच्या आधी बघून या. पोरांना घेऊन जा. दुसरं, घरात जुने कागद असतील, नवाबी काळातली सनद, मिलच्या पगाराची पावती, शकुंतलेचं तिकीटसुद्धा, ते रद्दीत घालू नका. जुन्या जिल्ह्याचा इतिहास सरकारी दप्तरात जेवढा आहे, तेवढाच तो घरांच्या माळ्यांवर आहे. आणि तिसरं, पुढच्या वेळी कोणी अचलपूरला चला म्हटलं, तर 'दूर पडते' म्हणायच्या आधी क्षणभर थांबा.

पन्नास किलोमीटर आहे मंडळी. आम्ही मोजलंय. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाआधी परत येता येतं. फक्त आम्ही कधी जेवणाआधी परत आलो नाही, कारण तिथं प्रत्येक वेळी कोणीतरी जेवायला थांबवून घेतं.